दुखत नसतं, तेव्हाचं औषध

पत्र: ताई, मी साखळी-पणजी मार्गावर खासगी बस चालवतो. वय 43. तीन वर्षांपूर्वी गणपती पोचवून आलो आणि तिसऱ्या रात्री उजव्या पायाचा अंगठा असा पेटला की अंगावरची चादर लागली तरी ओरडत होतो. तेव्हापासून पाच-सहा वेळा झालं. दर वेळी फार्मसीतून दुखण्याच्या गोळ्या आणतो, पाच-सहा दिवसांत उतरतं. रक्त तपासलं तर युरिक ॲसिड 8.9. डॉक्टरांनी रोज घ्यायची गोळी दिली, पण दहाव्या दिवशीच अंगठा पुन्हा सुजला, म्हणून ती टाकून दिली. आता बायकोनं मासळी, डाळी, तांबडी भाजी, सगळंच बंद केलंय. मित्र म्हणतात, फेणीचा प्रसाद मिळाला. मी पितो त्या रविवारच्या दोन बिअर. वडिलांनाही हेच होतं, त्यांच्या कानाच्या कडेवर पांढऱ्या गाठी होत्या. माझी रक्तदाबाची गोळी चालू आहे. माघात आमच्या देवाची जत्रा, नाटकात मला राजाचं काम आहे. दोन तास उभा राहीन का? आणि आयुष्यभर गोळी घ्यायची म्हणजे मी आता कायमचा रोगीच का?
एक बसचालक, डिचोली तालुका

भाऊ,

तुमच्या पत्रातल्या चादरीपाशी मी थांबले. आमच्या घरी तेव्हा वेताची टोपली होती, फुलं आणायची. ती पायावर उपडी घालायची आणि वरून चादर, म्हणजे कापड अंगठ्याला लागत नाही. माझ्या यजमानांनी अशा कित्येक रात्री काढल्या. पंख्याचा वारासुद्धा नको म्हणायचे. एकदा धाकटा नातू पळत येऊन पायावर पडला आणि ज्या माणसानं जन्मात मुलांवर आवाज चढवला नव्हता, त्यानं त्याला असं झिडकारलं की पोर दोन दिवस त्यांच्या खोलीत गेलं नाही. दुखणं उतरल्यावर त्यांना त्या गोष्टीचीच जास्त लाज वाटत राहिली. म्हणून तुम्ही ओरडत होता हे लिहिताना ओशाळू नका. या दुखण्याचं नाव गाऊट, आणि सांध्यांच्या दुखण्यांत याच्याइतकं तीव्र दुखणं फार थोडं असतं.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी होते, आणि माझी एक चूक तुम्हाला आधीच सांगून टाकते. यजमानांना अंगठा धरला की मीच घरी डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखण्याच्या गोळ्यांची, पाकिटं आणायची. गोळी घेतली, उतरलं, विसरलो, पुन्हा चार महिन्यांनी तेच. अशी चार वर्षं गेली. मग एका तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलेलं निघालं, तेव्हा कळलं की आम्ही फक्त ठणका मारत बसलो होतो. रोग जागच्या जागी होता आणि मूत्रपिंडं थकत चालली होती. तुम्ही आज तिथेच उभे आहात, तीन वर्षांवर.

आत काय चाललंय ते सांगते. पेडण्याकडे आगरवाड्याची मिठागरं तुम्ही पाहिली असतील. खारं पाणी उन्हात आटत जातं, एका हद्दीपर्यंत मीठ पाण्यात दिसतही नाही, आणि ती हद्द ओलांडली की तळाला खडे बसू लागतात. रक्तातल्या युरिक ॲसिडची ती हद्द साधारण 6.8 आहे (दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम). त्याच्या वर ते विरघळून राहू शकत नाही, आणि सांध्यांत सुईसारखे बारीक खडे धरू लागतात. थंड जागी ते लवकर बसतात, आणि शरीरात पायाच्या अंगठ्याइतकी थंड, टोकाची आणि रोज मार खाणारी जागा दुसरी नाही. तुमचा तर उजवा, ब्रेकवरचा. हे खडे महिनोन् महिने गुपचूप बसून असतात. मग एखाद्या रात्री रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते परके वाटतात, त्या तुटून पडतात आणि सांधा पेटतो. आठ-दहा दिवसांत भांडण आपोआप मिटतं. तुम्हाला वाटतं गोळीनं बरं झालं. खडे तिथेच असतात. वडिलांच्या कानावरच्या पांढऱ्या गाठी म्हणजे तेच मीठ, वर आलेलं.

आता मिठागराला पावसाळ्यात काय होतं? गोडं पाणी भरतं आणि उरलंसुरलं मीठ विरघळून जातं. रोजची गोळी हा तो पाऊस. आकडा 6 च्या खाली आणला आणि खालीच ठेवला, तर जुने खडे हळूहळू रक्तात परत विरघळतात. गाठी दिसायला लागल्या असतील तर डॉक्टर 5 च्याही खाली आणायला बघतात. थोडक्यात, या रोगाचा खरा उपचार पाय दुखत असताना होतच नाही. तो होतो अधल्यामधल्या त्या चांगल्या महिन्यांत, जेव्हा तुम्ही धावून बस पकडणाऱ्यांना हसत असता आणि गोळीची आठवणही नको असते.

आणि त्या टाकून दिलेल्या गोळीबद्दल. नाव लिहिलेलं नाही, पण बहुधा ॲलोप्युरिनॉल असावी. ती सुरू झाली की खडे विरघळायला लागतात, त्यांचे कपचे सुटतात, आणि त्यानं झोपलेलं भांडण पुन्हा जागं होऊ शकतं. दहाव्या दिवशी अंगठा सुजला त्याचा अर्थ गोळी लागू पडायला लागली होती, असाच बहुतेक असतो. हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सांगितलं नाही, तर माणूस गोळी टाकणारच, तुमची चूक मी मानत नाही. रीत अशी आहे की गोळी कमी मात्रेनं सुरू करायची, सहसा 100 मिलिग्रॅम, मूत्रपिंडं कमजोर असतील तर त्याहूनही कमी. मग दोन ते पाच आठवड्यांनी रक्त बघायचं, आकडा 6 च्या वर असेल तर मात्रा वाढवायची, पुन्हा बघायचं. आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनची 0.5 मिलिग्रॅमची इवलीशी गोळी पहाऱ्याला ठेवायची, म्हणजे विरघळताना भडका कमी होतो. पुष्कळ लोक 100 वरच वर्षानुवर्षं राहतात आणि म्हणतात, गोळी घेतो तरी दुखतं. आकडा कुणी बघितलेलाच नसतो. डॉक्टरांना हाच प्रश्न विचारा: माझा आकडा 6 च्या खाली कधी येणार?

या गोळीची एक भीती मात्र खरी आहे. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप, यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे. क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावरचं असतं. ॲलोप्युरिनॉल नाहीच सोसलं तर फेबुक्सोस्टॅट आहे, हृदयाचा त्रास असलेल्यांना ते जपून देतात. (जाता जाता: ॲलोप्युरिनॉलवर काम करणाऱ्यांत गर्ट्रूड एलियन ही बाई होती. ल्युकेमियाच्या एका औषधाचा परिणाम लांबावा म्हणून शोधाशोध चालली होती, त्यात लक्षात आलं की यानं युरिक ॲसिडही उतरतं. 1988 चं नोबेल मिळालेल्या तिघांत ती एक. काउंटरवर ही गोळी देताना मला उगाच अभिमान वाटायचा.)

मित्रांच्या फेणीच्या विनोदाकडे येऊ. चरकसंहितेत या जातीच्या दुखण्याला वातरक्त म्हटलंय आणि त्याचं एक नाव आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात. हा खाण्यापिण्याचा माज, ही समजूत तेवढी जुनी आहे. खरी गोष्ट अशी की शरीरातलं दोन तृतीयांश युरिक ॲसिड आपलं शरीर स्वतःच तयार करतं, पेशी मोडतात-जुळतात त्यातून. ताटातून येतो तो एक तृतीयांश. आणि बहुतेक रोग्यांत घोटाळा असतो तो मूत्रपिंडांत, ती पुरेसं बाहेर टाकत नाहीत. हे पिढीजात येतं. तुमच्याकडे वडिलांकडून आलंय, साखळीच्या बारमधून नाही. शिवाय रक्तदाबाची गोळी कोणती ते पाकिटावर वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं असेल तर ती लघवी वाढवणारी गोळी युरिक ॲसिड अडवून धरते. लोसार्टननं उलट ते थोडं उतरतं. बदलायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपल्या हातानं रक्तदाबाची गोळी बंद करू नका. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर तीही सोडू नका.

ताट. सगळ्यात आधी घरच्या बाईंना सांगा की डाळी आणि तांबडी भाजी निर्दोष सुटल्या. 2004 साली अमेरिकेत 47 हजार पुरुषांना बारा वर्षं पाहून अभ्यास छापला गेला. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त निघाला, पण डाळी, पालक, अळंबी अशा भाज्यांनी वाढ दिसली नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांत तो कमी निघाला. तेव्हा मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, खतखतं, सगळं परत चुलीवर येऊ दे. ताक रोज प्या. कॉफीलाही बंदी नाही.

मासळीचं जरा खोलात सांगते, कारण गोंयकाराला मासळी सोड म्हणणं म्हणजे भाषा सोड म्हणण्यासारखं आहे, आणि ते कुणी ऐकत नाही. सगळी मासळी सारखी नसते. तारले, मोतयाळे, आणि शिणाण्यो, तिसऱ्यो या शिंपल्या, ही मंडळी जड, म्हणजे त्यांच्यात प्युरीन जास्त, ज्यातून युरिक ॲसिड बनतं. बांगडाही त्यांच्याच पंगतीला, वाईट वाटतं पण आहे. सुंगटं, म्हणजे कोळंबी, मधली. आणि पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद असतात तेव्हा आपण खाऱ्यावर येतो, सुक्या सुंगटांची किसमूर, सुके बांगडे. सुकवल्यावर पाणी जातं, म्हणजे मूठभर किसमुरीत ताज्या मासळीपेक्षा ऐवज कितीतरी जास्त, वर मीठ, आणि तुम्हाला रक्तदाब. ती किसमूर चवीपुरती. बाकी आठवड्यातून दोनदा हुमणातला एखादा तुकडा खाल्ला म्हणून अंगठा पेटत नाही. काळीज-कलेजीला मात्र कायमचा रामराम.

तुमच्या पहिल्या रात्रीचा उलगडा मला यातच दिसतो. श्रावणभर शिवराक, म्हणजे बिनमासळीचं, चवथीला शिवराक, गणपती पोचवले की त्याच संध्याकाळी मासळी, सोबत बिअर. महिनाभर उपाशी ठेवलेल्या घरात एकदम वरात घातल्यासारखं. आकडा एकदम चढला-उतरला तरी खडे ढवळले जातात. यंदाही तेच केलं असणार, पत्राची तारीख बघून मला शंका येतेच आहे.

दारूबद्दल मी गोड बोलणार नाही. सगळ्यांत वाईट बिअर, कारण तिच्यात अल्कोहोल आहेच आणि वर प्युरीनही. फेणी-हुर्राक तिच्याखाली, पण निर्दोष नाहीत, आणि एप्रिलमधल्या हुर्राकात जी लिम्काची बाटली ओतली जाते तिची साखरही युरिक ॲसिड चढवते. आकडा 6 खाली बसेपर्यंत रविवारच्या दोन बाटल्या बंद. नंतरचं नंतर.

पण हिशेब नीट करा. ताट कितीही सुधारलं तरी आकडा उतरतो तो साधारण एकाच्या आसपास. तुमचे 8.9 आहेत. पथ्यानं फार तर आठ होतील, आणि हद्द आहे 6.8. म्हणून बायकोनं कितीही कडक पथ्य केलं तरी तिच्या हातून ही लढाई जिंकली जाणार नाही. तिला हे आकड्यानं समजवा, भांडणानं नाही. घाबरली आहे ती. वजन जास्त असेल तर हळूहळू उतरवा, पण कडक उपास नकोत. पोट पूर्ण रिकामं ठेवलं की युरिक ॲसिड वाढतं, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी अंगठा धरलेले लोक मी पाहिलेत.

तुमच्या धंद्याची एक गोष्ट कुठल्याच पथ्याच्या कागदावर नसते. बसचालक पाणी पीत नाहीत. पहाटेची खेप, इंजिनाची धग, आणि लघवीला थांबायचं कुठे म्हणून बाटली तशीच. पाणी आटलं की मीठ बसतं, मिठागराचाच नियम. शिवाय यातून मुतखडेही होतात. दर खेपेला पणजीत पोचलात की आधी लघवी, मग पाणी, दिवसभरात दोन-अडीच लिटर जायला हवं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडांच्या कारणानं डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच.

पुन्हा भडका उडेल त्या रात्रीची तयारी आजच करा, कारण पहाटे तीनला डोकं चालत नाही. डॉक्टरांकडून लिहून घेऊन ठेवा की मला यातलं कुठलं औषध चालेल: कोल्चिसिन, दुखण्याची गोळी की थोडे दिवस स्टेरॉइड. तुम्हाला रक्तदाब आहे, दुखण्याच्या गोळ्यांनी तो चढतो आणि मूत्रपिंडांवर भार येतो, त्यामुळे ते ठरवायला क्रिएटिनिन बघावं लागेल. जे ठरेल ते पहिली ठणक लागताच घ्यायचं, उद्या बघू म्हणायचं नाही. पहिल्या दिवसात घेतलेलं कोल्चिसिन जितकं काम करतं तितकं तिसऱ्या दिवशी करत नाही. आणि लिहून दिल्याच्या वर एकही गोळी नाही. पूर्वी जुलाब लागेपर्यंत देत राहायची पद्धत होती, जास्त झालं तर ते विष आहे. घशासाठी वगैरे कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं तर कोल्चिसिन घेतो हे आधी सांगा, दोन्ही एकत्र घातक. कापडात बर्फ गुंडाळून वीस मिनिटं ठेवा, पाय उशीवर उंच. शेक नको, चोळणं नको, शेजारच्या काकूंचं तेलही नको. आणि रोजची गोळी चालू असेल तर ती भडक्यातही चालूच.

त्या दिवसांत रक्त तपासलं आणि आकडा चक्क बरोबर आला तर हुरळू नका. भडक्यात तो खोटा उतरतो, दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचा. सांध्यासोबत थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी थांबायचं नाही, सांध्यात पू झालेला असू शकतो. सरळ बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठा.

बस? भडक्याच्या दिवसांत नाही. उजव्या अंगठ्यानं दगा दिला तर ब्रेकवर पाय अर्धा क्षण उशिरा पडेल, आणि मागे चाळीस माणसं असतात. मालकाला आजच, पाय धड असताना, सांगून ठेवा की वर्षातून दोनदा माझ्या जागी दुसरा बघावा लागेल. दुखत असताना लंगडत जाऊन सांगितलं की तो बहाणा वाटतो. मित्र फेणीवरून हसतात म्हणता. त्यांना एकदा ती चादरीची गोष्ट सांगा. स्टँडवर कुणी "पायाक कितें जालें?" विचारलं की तुम्ही काय सांगता, मुरगळला? यजमान तेच सांगायचे. मग कुणी तरी येऊन पाय चोळून द्यायचं.

कायमचा रोगी का, हे विचारलंत. रक्तदाबाची गोळी किती वर्षं घेताय? तिनं तुम्ही स्वतःला रोगी म्हटलं नाहीत. ही तिच्या शेजारच्या कप्प्यात ठेवा, बहुधा कायमची. यजमान नऊ वर्षं घेतायत. पहिल्या वर्षात तीनदा दुखलं, त्यांनी दोनदा गोळी टाकायचा विचार केला, मी डबा मोजायची. दुसऱ्या वर्षी एकदा. नंतर नाही. ती टोपली आता पुन्हा फुलांना लागते.

जत्रेला अजून चार महिने आहेत. गोळी या आठवड्यात डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू केली तर तोवर आकडा खाली येऊ शकतो, पण खडे विरघळायला त्याहून वेळ लागतो, म्हणून त्या रात्री पाय दुखणारच नाही असं वचन मी देत नाही. पहाऱ्याची कोल्चिसिन तोवर चुकवू नका, भडक्याचं ठरलेलं औषध मेकअपच्या पेटीत ठेवा, तालमीच्या जागरणांत पाणी प्या आणि नाटक संपल्यावर मांडवामागे जी बाटली फिरते ती पुढे सरकवा. दिग्दर्शकाला सांगा, राजाला उभं राहायची सक्ती नाही, अर्धा दरबार सिंहासनावर बसूनच भरवता येतो. आणि भाड्याची मोजडी घेऊ नका. ती नेहमी घट्ट असते, अंगठा दाबते. एक नंबर मोठी स्वतःची आणा.

चौथ्या आठवड्यात रक्त तपासाल, तो आकडा मला कळवा.

तुमची,
ताई